तारखेची जागा मोकळी होती

आरटीओसमोर एजंट म्हणून टेबल टाकून मला एकोणीस वर्षं झाली. टेबलापाशी आलेला माणूस पहिलं विचारतो, 'लवकरात लवकर कधी होईल?' मग विचारतो, 'किती लागतील?' कागद कुठले लागतील, हे विचारणारा वर्षाकाठी एखादा भेटतो. त्याला मी चहा पाजतो.

बाहेरच्यांना वाटतं, आत पाकीट सरकवलं की काम पळतं. पळायचंही एकेकाळी. आता सगळं 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर आहे. एकजण एंट्री करतो, दुसरा पडताळतो, तिसरा अप्रूव्हल देतो. पेपर अडतो तो भलत्याच गोष्टीवर. विमा आदल्या रात्री संपलेला, आधारवर एक नाव आणि आरसीवर त्याच नावाला 'कुमार' जोडलेलं, नाहीतर चासी प्रिंट, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा ठसा, पुसट. प्रिंटचं तर विचारूच नका. आधी फडक्याने जागा कोरडी करायची, गंज असेल तर हलका पॉलिश पेपर मारायचा, चिकटपट्टी ताणून बसवायची आणि पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने फिरवायची. दोन्हीकडे फिरवली की तीनचा आठ होतो. आमच्या लाइनीतली नवी पोरं खसाखसा घासतात आणि क्वेरी लागली की क्लार्कला शिव्या देतात. माझी प्रिंट परत आलेली मला आठवत नाही. लवकर काम म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की पेपर एकदा आत गेला की परत बाहेर येता कामा नये.

तर, जूनमधली गोष्ट. एक बाई आल्या, चाळिशीच्या. पिशवीतून त्यांनी दोन मोबाईल काढून टेबलावर ठेवले. एक त्यांचा, एक नवऱ्याचा. नवरा पाच महिन्यांपूर्वी वारलेला. गाडी त्याच्या नावावर, २०१४ची वॅगनआर. गिऱ्हाईक ठरलं होतं, पण गाडी नावावर झाल्याशिवाय तो उरलेले पैसे देणार नव्हता. आणि मुलीची फी भरायची तारीख बारा दिवसांवर.

"भाऊ, त्यांनी सह्या करून ठेवल्यात," असं म्हणत त्यांनी गाडी विकताना भरायचे फॉर्म २९ आणि ३० पुढे केले.

सह्या खऱ्या होत्या. दवाखान्यात, पडल्या पडल्या केलेल्या, खाली घसरत गेलेल्या. 'तुला धावाधाव नको' म्हणून त्या माणसाने एवढं करून ठेवलं होतं. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारखेची जागा मोकळी.

काम सोपं होतं. घेणाऱ्याचं नाव लिहायचं, तारीख टाकायची, ओटीपी मागितला तर तो नवऱ्याच्या नंबरवर येणार, आणि नंबर चालू होता. कागदोपत्री माणूस जिवंत. विमा चालू, कर्जाचा बोजा कधीच उतरलेला, नवी नंबरप्लेटही त्याने जाण्याआधी बसवून घेतलेली. नाहीतर हल्ली त्यावाचून ट्रान्सफर घेतच नाहीत.

मी नाही म्हणालो. मेलेला माणूस गाडी विकू शकत नाही. आधी वारसाच्या नावावर गाडी करायचा फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, गाडी बाईंच्या नावावर, मग पुन्हा २९-३० करून गिऱ्हाइकाच्या नावावर. म्हणजे दोन ट्रान्सफर. शिवाय मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, ती मुदत टळलेली. २०२१पासून आरसीवर वारसदाराचं नाव आधीच नोंदवता येतं. नोंदवतो कोण!

खरं अडलं ते पुढे. "वारस कोण कोण?" म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "मी आणि मुलगी." मी म्हटलं, "सासूबाई आहेत का?" त्या गप्प झाल्या. कायद्याने आईचा हक्क बायकामुलांच्या बरोबरीचा. पण आई गावाकडे धाकट्याजवळ, आणि त्या घराशी बोलणं बंद.

असल्या भानगडीत मी पडत नाही. या वेळी पडलो. दुसऱ्या दिवशी माझी गाडी काढून बत्तीस किलोमीटर गेलो, आजींना तालुक्याला नोटरीसमोर नेऊन आणायला. ऐकून घेतल्यावर आजी एवढंच म्हणाल्या, "पोराची गाडी. मला काय करायचीय?" लुगडं बदलून, काठी घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत आल्यासुद्धा. तेवढ्यात धाकटा शेतातून आला. मला चहा दिला, भांडला नाही की आवाज चढवला नाही. म्हणाला, "वहिनींना सांगा, आधी विहिरीच्या पाण्याचं बघू. मग गाडीचं." आजींनी माझ्याकडे पाहिलं, काठी कोपऱ्यात ठेवली आणि आत गेल्या.

मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या पलीकडच्या टेबलावर बसलेल्या दिसल्या. तो आमच्यातलाच, अक्षर मोत्यासारखं आणि छाती वाघाची. नऊ दिवसांत गाडी नावावर झाली. मुलीची फी तारखेच्या आत गेली.

मी असलं काम कधीच केलं नाही, असं लिहिणार नाही. सुरुवातीच्या काळात एका स्कूटरचं केलंय. पेपर आत असतानाच त्या स्कूटरने एकाला उडवलं. क्लेमच्या केसमध्ये वकिलाने मृत्यूचा दाखला आणि फॉर्म २९ शेजारी शेजारी ठेवले आणि मला विचारलं, ही तारीख कुणाच्या हातची? दोन वर्षं तारखांना गेलो. २०१८मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं, की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, तोच मालक, भरपाईही त्यानेच द्यायची. तेव्हा बाईंना मी नाही म्हणालो ते त्यांच्या भल्यासाठी की तो वकील आठवला म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ती वॅगनआर रोज सकाळी टपरीसमोरून जाते. काहीही झालेलं नाही.

महिन्याभराने बाई आल्या. पेट्रोलचे म्हणून पाचशे रुपये टेबलावर ठेवले. घेतले मी. मग नवऱ्याचा मोबाईल काढून गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा मेसेज दाखवला. त्याच्याच नंबरवर आलेला.

"भाऊ, आता हा नंबर बंद केला तर चालेल ना?"

मी म्हटलं, "ताई, फास्टॅग त्याच नंबरवर असेल. आधी तो बंद करून घ्या. तोवर एक रिचार्ज मारा."

त्यांनी मोबाईल पुसून परत पिशवीत ठेवला.