गच्चीवर भरलेली दुसरी

मागच्या जूनमध्ये मी एक टाइमटेबल बनवलं होतं. साधंसुधं नाही, रंगीत चौकोनांचं, लॅमिनेट करून आणलेलं. नऊ ते साडेनऊ मराठी, मग गणित, मग परिसर, मधे दहा मिनिटं डबा (घरातल्या घरात! डबा!). १५ जूनला दोघांना आंघोळ घालून, भांग पाडून टेबलाशी बसवलं आणि चौथ्या दिवशी परिस्थिती अशी की थोरला टेबलाखाली, धाकटी टेबलावर आणि मी बाथरूमचं दार लावून आत रडतेय. ते लॅमिनेट आता मिक्सरखाली अंथरलंय, पुसायला सोपं जातं.

आम्ही दोघांना घरीच शिकवतो. का, कसं, वेड लागलंय का, ही चर्चा सोसायटीच्या लिफ्टमध्ये पुरेशी होते, इथे नको. फक्त परीक्षेचं काय असं लगेच मनात आलं असेल तर सांगते, एनआयओएसची, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेची, परीक्षा असते, त्यातला ‘अ’ स्तर म्हणजे साधारण तिसरी, आणि दहावीला बसायला वय १४ लागतं. आमचा थोरला सात वर्षांचा, धाकटी साडेचारची. तेव्हा आहे अजून वेळ.

तर यंदा ठरवलं की वर्ष ‘सुरू’ म्हणून करायचंच नाही. एप्रिलअखेरपासून रोज फक्त एकच गोष्ट, दुपारी जेवणं झाली की पंख्याखाली फरशीवर आडवं पडायचं आणि मी मोठ्याने वाचायचं. वीस मिनिटं. कोणी ऐकलं तर ऐकलं, झोपलं तर उत्तमच. दोन आठवडे बाकी काहीही नाही. हे सांगायला सोपं वाटतं, पण मला रोज अकरा वाजले की पोटात गोळा यायचा, अरे काहीच होत नाहीये, शाळेतली मुलं किती पुढे गेली असतील, आणि मग आठवायचं की शाळेतल्या मुलांनाही सुट्टीच आहे बाई.

मे उजाडला आणि सासूबाई साताऱ्याहून आल्या, सोबत गव्हाची पिशवी आणि सोऱ्या. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, आणि ते काम धाकटीने स्वतःकडे घेतलं. तिसऱ्या दिवशी वास आल्यावर ‘गहू शी झाले’ असं जाहीरही करून टाकलं. पण खरी गंमत साबुदाण्याच्या पापड्यांना आली. सकाळी सातला गच्चीवर जुनी साडी पसरून आई, म्हणजे सासूबाईच, पळीने घालत होत्या आणि थोरला मागे मागे मोजत होता.

अडुसष्टपर्यंत सुरळीत. मग म्हणाला, नवसष्ट.

‘एकोणसत्तर,’ आई म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्यात, चूक कानावर पडली की तोंडातून बरोबर उत्तर आपोआप निघतं. अठ्ठ्याहत्तरला पुन्हा अडकला, पुन्हा दुरुस्ती. मग त्याने थांबून विचार केला, अच्छा म्हणजे पुढच्या दहाचं नाव आधीच घ्यायचं. एकोणनव्वद न अडखळता म्हणाला, आमच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं, आणि तसाच पुढे गेला, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर.

आई हसल्या, मग पळी तशीच हातात धरून म्हणाल्या, ‘बरोबर आहे की गं त्याचं. नव्व्याण्णवच आगाऊ आहे.’

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ असंही वाचायला दिलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला होता आणि ते ढकलण्यात मीही मागे नव्हते. गणितज्ञ मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्या समजावून सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून हा आणखी एक मार्ग दिलाय. ऐकलं कोणी? मी तर नाहीच. गच्चीवर ‘एकोणशंभर’ ऐकून मला त्या फॉरवर्डची लाज वाटली.

एकूण पापड्या ११४. साडी रिकामी केली तेव्हा ९२. म्हणजे २२ गेल्या कुठे? थोरल्याने बोटं, मग खडू, मग सगळ्या पापड्या पुन्हा मोजणं असं करत वजाबाकी सोडवली, आणि धाकटीच्या तोंडाभोवती चिकट पांढरा पुरावा होता. अर्धवट वाळलेली पापडी, वरून कडक नि आतून चिवट, तिच्यापुढे तळलेली काहीच नाही. त्यातल्या सहा माझ्या. हे त्याला सांगितलेलं नाही.

१३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावली दिवस असतो, दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो. वाळत घातलेल्या कुरडया सोडून आम्ही स्टीलचा ग्लास उलटा ठेवला, त्याची सावली हळूहळू त्याच्याच खाली शिरली, आणि धाकटी उड्या मारत ‘माझी कुठेय, माझी कुठेय’ करत राहिली (पाय भाजत होते म्हणूनही उड्या असतील). असा दिवस जुलैअखेरीला परत येतो, पण तेव्हा पुण्यात सूर्य दिसला तर!

इथे मी माती खाल्ली. इतकं छान चाललंय म्हटल्यावर रात्री बसून पापड्यांचं वर्कशीट बनवलं. चित्रं, रिकाम्या चौकटी, ‘किती उरल्या?’ प्रिंटही काढली. सकाळी थोरल्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सायकल घेऊन खाली गेला. वर्कशीट मिक्सरखाली.

आईंना हे सगळं पटलंय असं मुळीच नाही. एका संध्याकाळी मी जरा भाव खात म्हटलं की बघा, बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीही डहाणूजवळ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणात शाळा भरवलीच होती की. आई कुरडया डब्यात भरत होत्या, वर न बघता म्हणाल्या, ‘अगं, ती पोरं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शाळा त्यांच्याकडे गेली. तुमच्या शाळा दोन चौकांवर आहेत.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाहीये.

जून लागल्यावर वाचनाला एक जोड दिली, सकाळी चहानंतर पाटीवर पंधरा मिनिटं गणित. आठवड्याने रोज दोन ओळी लिहिणं, विषय त्याचा. पहिल्या दिवशी लिहिलं, ‘आजी उद्या जाणार. सोऱ्या ठेऊन जा.’ ‘ठेऊन’ मधला ‘ऊ’ मी दुरुस्त केला नाही. आईंनी केला, आणि सोऱ्या ठेवून गेल्या.

मग शाळा उघडल्या. सकाळी पावणेसातला खाली व्हॅनचा हॉर्न, पावसाची भुरभुर, बिल्डिंगमधली पोरं रंगीबेरंगी रेनकोटमध्ये, पाठीवर दप्तराचा कुबड वर आलेला. आमची दोघं बाल्कनीच्या गजांना नाक लावून. हे दृश्य मला दर वर्षी टोचतं. धाकटी म्हणाली, मला पण पाहिजे. मी सावधपणे विचारलं, काय, शाळा? तर म्हणे, रेनकोट.

थोरला काहीच बोलला नाही. व्हॅन वळेपर्यंत बघत राहिला.

संध्याकाळी जाऊन दोन रेनकोट आणले, एक पिवळा, एक डायनासोरचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्याखाली वाचन झालं तेव्हा दोघंही टोपीपर्यंत रेनकोट चढवून फरशीवर पडलेले होते, घामाने चिंब, कूस बदलली की सगळं प्लास्टिक करकर वाजत होतं आणि मला वाचताना दर वाक्याला आवाज चढवावा लागत होता.