तुम्ही विचारलंत म्हणून: सिरियलचा बफर किती मोठा ठेवायचा?

"मॅडम, सिरियलवर बाइट्स हरवतायत, बफर किती मोठा करू?" फर्मवेअरमधे (उपकरणाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या कामात) नवीन आलेली मुलं हे मला इतक्यांदा विचारतात की आता एकदाच नीट लिहून ठेवते. सिरियल म्हणजे एकामागून एक बिट पाठवायची लाइन, आणि बफर म्हणजे आलेले बाइट वाचेपर्यंत ठेवायची मेमरीतली जागा. मी उलट त्यांना विचारते, तो बफर आत्ता कोणाच्या ताब्यात आहे, तुझ्या कोडच्या की कंट्रोलरच्या, म्हणजे लाइन सांभाळणाऱ्या हार्डवेअरच्या? याचं उत्तर येत नसेल तर 256 बाइटचे 4096 करून पण काही होणार नाही, बग फक्त उशिरा दिसेल.

मी हे शिकले मोटोरोलाच्या एमपीसी860 या चिपवर. त्यात मेन पॉवरपीसी कोरच्या (तुमचा कोड चालवणाऱ्या प्रोसेसरच्या) शेजारी कम्युनिकेशनसाठी एक वेगळा छोटा रिस्क प्रोसेसर बसवलेला, आणि त्याच्या हाताखाली चार एससीसी, म्हणजे सिरियल कम्युनिकेशन कंट्रोलर. साध्या यूआर्टमधे (सिरियल लाइनच्या साध्या कंट्रोलरमधे) काय होतं, 16550 ही चिप घ्या, 16 बाइटचा फिफो, म्हणजे आलेले बाइट रांगेत थांबायची जागा, 115200 बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक बाइट साधारण 87 मायक्रोसेकंदात येतो, म्हणजे कुणी 2 मिलीसेकंद इंटरप्ट (कोरला "डेटा आलाय" म्हणून उठवणारे सिग्नल) बंद ठेवले की 23 बाइट येऊन पडतात आणि जागा सोळाच. एससीसीचा स्वतःचा फिफो पण तेवढाच लहान, पहिल्या एससीसीचा 32 बाइट, बाकीच्यांचा 16. पण तो रिकामा करायला तुमच्या कोरला कुणी उठवत नाही, तो छोटा प्रोसेसर डीएमएने, म्हणजे कोरला मधे न घेता, डेटा थेट मेमरीत नेऊन ठेवतो.

आता मेमरीत कुठे ठेवायचा हे त्याला कळतं बफर डिस्क्रिप्टरवरून, आम्ही बीडी म्हणतो. एक बीडी फक्त 8 बाइटचा: 2 बाइट स्टेटस, 2 बाइट लांबी, 4 बाइट बफरचा पत्ता. हे ड्युअल-पोर्ट रॅममधे (दोन्ही प्रोसेसरना वापरता येणाऱ्या मेमरीत) ओळीने मांडलेले असतात, शेवटच्याला रॅप बिट लावला की कंट्रोलर परत पहिल्यावर येतो, झाली रिंग. आणि सगळं तोलून धरणारा एकच बिट, रिसीव्हला एम्प्टी. तो 1 असेल तर बफर कंट्रोलरचा, तुम्ही हात लावायचा नाही. बफर भरला की कंट्रोलर लांबी लिहितो, बिट 0 करतो, आता तो तुमचा, वाचून झालं की परत 1 करून द्यायचा. ट्रान्समिटला तसाच रेडी बिट. ना लॉक, ना सेमाफोर, एका बिटावर दोन प्रोसेसर वर्षानुवर्षं न भांडता काम करतात, मला हे डिझाइन आजही फार आवडतं. फक्त पत्ता आणि लांबी आधी लिहायची आणि हा बिट सगळ्यात शेवटी, मधे eieio ही इन्स्ट्रक्शन टाकून, नाहीतर लिखाणाची ऑर्डर बदलू शकते आणि कंट्रोलर अर्धवट बीडी उचलतो.

माझे दोन आठवडे खाल्ले ते मात्र कॅशने, म्हणजे कोर स्वतःजवळ ठेवतो त्या मेमरीच्या कॉपीने. मीटरचं रीडिंग यायचं, शंभरातल्या एखाद्या मेसेजचा सीआरसी (चूक पकडायचा तपासणी आकडा) चुकायचा, आणि नीट बघितलं तर शेवटचे चार-पाच बाइट मागच्याच मेसेजचे! वायर बदलली, बॉड कमी केला, बफर दुप्पट केला (हो, मी पण तेच केलं होतं). कारण असं निघालं की 860 मधे डीएमएने मेमरी बदलली तरी डेटा कॅशला ते कळत नाही, आणि कॅशची एक लाइन, म्हणजे एकदम आणायचा-लिहायचा तुकडा, 16 बाइटची. माझा बफर लाइनच्या मधेच संपत होता, त्याच लाइनमधे पुढे एक काउंटर होता, कोरने काउंटर वाढवला की सगळी लाइन नंतर मेमरीत परत लिहिली जायची आणि नुकत्याच आलेल्या बाइट्सवर जुने बाइट पडायचे. बफरची सुरुवात 16 च्या पटीतल्या पत्त्यावर आणली, लांबी पण 16 च्या पटीत, वाचायच्या आधी कॅश इनव्हॅलिडेट (जुनी कॉपी रद्द), त्यानंतर एक मेसेज चुकला नाही.

अजून एक, "डेटा येतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी. यूआर्ट मोडमधे 256 चा बफर आणि मेसेज 40 बाइटचा असेल तर बफर भरणारच नाही, मग इंटरप्ट कसला येणार? सिरियल लाइन किती कॅरेक्टरएवढा वेळ शांत राहिली की बफर बंद करायचा ते मॅक्स-आयडल या सेटिंगमधे सांगावं लागतं, तिथे शून्य टाकलं असेल तर डेटा आत बसून राहतो, हरवलेला नसतो.

तर आकडा. 256 चे चार बफर म्हणजे 115200 ला जवळपास 89 मिलीसेकंदांची उसंत, बहुतेकांना पुष्कळ झाली. तरीही बाइट गेले तर आधी इव्हेंट रजिस्टरमधला (कंट्रोलर काय घडलं ते जिथे नोंदवतो तिथला) बिझी बिट बघा, तो लागला असेल तर रिकामा बीडीच शिल्लक नव्हता, तुमचा कोड बफर परत द्यायला उशीर करतोय. आणि बीडीच्या स्टेटसमधे ओव्हररन लागला असेल तर फिफोच वेळेत उपसला गेला नाही, तिथे बसवर (मेमरीकडे जायच्या सामाईक वाटेवर) कोण अडून बसलंय ते शोधा. मला विचारायला येताना या दोन बिटांची व्हॅल्यू घेऊन या.