तुम्ही विचारलंत म्हणून: टीव्हीवरचं दुकान का बसलं?

होम शॉपिंगच्या चॅनलमध्ये काम केलंय असं कळलं की समोरच्याकडून दोनच प्रश्न येतात. "तुम्ही लोकांना फसवत होतात ना?" आणि "मग बंद का पडलं?" दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे अशी विचारणाऱ्याची खात्री असते. पंगतीत दोन वाक्यांत सांगून हे कुणाला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कुठल्या चॅनलमध्ये होते ते सोडा. गणित थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच होतं.

आधी फसवणुकीचं. नॉन-स्टिक तव्याचा डेमो आठवा. तवा कोरा, गॅस मंद. गूळ वितळवायचा, करपू द्यायचा, मग तवा तिरका केला की सगळं सरकून ताटलीत. यात कॅमेऱ्याची काही करामत नसते, कोऱ्या तव्यावरून गूळ सरकतोच. घरी तोच तवा मोठ्या आचेवर रिकामा तापतो, त्यावर स्टीलचं उलथनं फिरतं, तारेच्या घासणीने घासला जातो आणि काही महिन्यांत लेप सुटतो. सुरीने बुटाचा तळ कापून लगेच टोमॅटोची पातळ चकती काढायची, तीही खरीच. ती सुरी दातेरी असते आणि दात थोडे झिजले तरी साल फाडतात. मात्र तिला घरी धार लावता येत नाही, हे डेमोत कुणी बोलत नसे. सहा साड्यांच्या सेटमध्ये सगळ्यात चांगल्या दोन मॉडेलच्या अंगावर, मागून चापून क्लिपा लावलेल्या; उरलेल्या चार हँगरला. स्टुडिओच्या दिव्यात राणी रंग जसा दिसतो तसा तो घरातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही. याला फसवणूक म्हणायचं तर म्हणा. मी अर्धं सांगणं म्हणेन, आणि ते कुठला दुकानदार करत नाही?

दोन गोष्टींचा बचाव मात्र करणार नाही. एक, आधी रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमात "फक्त ४० सेट शिल्लक" असं ओरडणं आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. दुसरी, डब्यावर आधीच फुगवून छापलेली एमआरपी आणि तिच्यावर मारलेली लाल फुली. कायद्याला छापील किंमत हवी असते. ती किती वाजवी आहे हे तो विचारत नाही.

आणि कृपा करून पहाटे यंत्रं-ताबीज विकणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला बसवू नका. ते इतर वाहिन्यांवरचे रात्रीचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे स्लॉट विकत घेऊन चालायचं. दैवी गुणांचा दावा करून अशी यंत्रं टीव्हीवरून विकणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं. फार उशिरा सांगितलं, एवढंच माझं म्हणणं.

आता धंद्याकडे. अर्ध्या तासाचा कार्यक्रम सलग नसतो. तो सात-आठ मिनिटांचा एक फेरा असतो आणि तोच तीन-चार वेळा फिरतो: अडचण, डेमो, "यासोबत हेही", किंमत, फोन नंबर. कारण आमचा कार्यक्रम बघायला कुणी टीव्ही लावत नाही. मालिकेच्या ब्रेकमध्ये रिमोट पुढे-मागे करताना माणूस अडकतो, आणि तो कुठल्याही मिनिटाला आला तरी थोड्या वेळात त्याच्या कानावर किंमत पडली पाहिजे. किंमत पडद्यावर आली की पुढच्या काही मिनिटांत फोन चढतात. प्रोड्यूसरच्या समोर कॉलचा आकडा असतो. लाइव्ह कार्यक्रमात तो बघून अँकरच्या कानात सूचना जाते: फोन तुंबले असतील तर गप्पा लांबव, कापड पुन्हा दाखव, फोन पडले असतील तर लगेच ऑफर काढ. १९९५ पासून हे चालवणाऱ्या कोरियन कंपन्यांनी या कलेचं शास्त्र केलं, दर मिनिटाच्या विक्रीवर ते कार्यक्रम तोलतात. आपल्याकडे स्टार टीव्हीबरोबर त्यातली सीजे आली, होमशॉप१८ या दुकानाच्या चॅनलमध्ये दुसऱ्या कोरियन कंपनीने, जीएसने, पैसे घातले, आणि ही पद्धत इकडे रुजली.

त्यामुळे चॅनल कितव्या नंबरवर दिसतं याला जिवाचं मोल. हिंदी मालिकांच्या वाहिन्यांना खेटून जागा मिळाली तर रिमोट आमच्यावरून जाणार. तीनशेच्या पुढे ढकललं तर कुणाचं बोटही तिकडे वळणार नाही. प्रेक्षकाकडून आम्हाला एक पैसा नसे. उलट केबलवाल्याला आणि डीटीएच कंपनीला दाखवण्याचे आणि शेजाराचे पैसे आम्ही द्यायचे, विक्री होवो न होवो. मोक्याच्या दुकानाचं भाडं, आणि तेही प्रत्येक गल्लीत वेगळं.

आता एका ऑर्डरचं पोट फाडून दाखवते. आकडे समजण्यापुरते आहेत, कर बाजूला ठेवा. समजा वस्तू १,५०० रुपयांची आणि पुरवठादाराला ७५० द्यायचे. शंभर ऑर्डर आल्या. कन्फर्म करायला उलटा फोन गेला की वीस गळतात: "मुलाने चुकून लावला", "घरचे नको म्हणतात", नाहीतर फोनच लागत नाही. ऐंशी पार्सलं निघतात. त्यातली चोवीस दारातून परत येतात. छप्पन विकली गेली, पुरवठादाराचे देऊन हाती ४२,००० उरले. यातून जाण्याचं कुरिअर शंभर रुपयांप्रमाणे ८,०००, परतीचं २,४००, रोख गोळा करण्याचे चाळीस-चाळीस म्हणजे २,२४०, पॅकिंग १,६००, कॉल सेंटर ३,०००. राहिले २४,७६०. परत आलेल्या चोवीसपैकी आठ खोकी चेपलेली, मिक्सरचं भांडं फुटलेलं, साडीची घडी मोडलेली. तो माल पुन्हा नवा म्हणून जात नाही, ६,००० गेले. उरले १८,७६०. त्यात स्टुडिओ, अँकर, उपग्रह आणि तो वरचा केबलवाला.

कुरिअरचं वजनही सरळ नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचं, येईल ते किलो. खरं वजन आणि हे, यातलं जास्त असेल त्याचे पैसे. ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात दोन किलोची भांडी असली तरी बिल सहा किलोचं. म्हणून एकात एक बसणारी भांडी, गुंडाळून चपटी होणारी चादर आणि साडी हीच आमची लाडकी लेकरं होती. व्यायामाची सायकल लाख विकली जावो, ती परत आली की अंगावर काटा यायचा.

या सगळ्याचा पाया म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. कार्डाचा नंबर फोनवर अनोळखी माणसाला सांगायला कुणी तयार नसे, आणि ते शहाणपणाचंच होतं. दुपारच्या साड्यांच्या स्लॉटला फोन करणाऱ्या बहुतेक बायका लहान शहरांतल्या. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे त्यांचे स्वतःचे असत. कार्ड असलंच तर ते नवऱ्याच्या पाकिटात. आमचा व्यवहार पडद्यावर होतच नव्हता, तो दारात व्हायचा. फोनवर मिळे तो फक्त होकार.

आता ८ नोव्हेंबर २०१६. रात्री आठला भाषण, मध्यरात्रीपासून ५०० आणि १,००० च्या नोटा बाद. यावर माझ्याशी वाद घालणारे नेहमी म्हणतात, "अडचण सगळ्यांनाच झाली." झाली. पण दिवाळी होऊन दहाच दिवस झाले होते आणि सणाच्या ऑर्डरींची शेपूट रस्त्यात होती. पार्सल गोदामातून सुटून कुरिअरच्या हबमध्ये, तिथून तालुक्याच्या फ्रँचायझीकडे, तिथून पोऱ्याच्या बॅगेत. यातल्या कुठल्याही टप्प्यावर त्याला थांबवायचं बटण नसतं. ९ तारखेला बँका बंद, एटीएम ९ आणि १० दोन्ही दिवस बंद. पोऱ्या दारात उभा, बाईंच्या हातात पाचशेच्या तीन नोटा. तो घेऊ शकत नाही, त्या दुसरं काही देऊ शकत नाहीत. वस्तू हवी आहे, पैसे आहेत, दोघांचीही काही चूक नाही, आणि सौदा मोडतो.

१० तारखेपासून दोन हजारांची नोट आली आणि घोळ वाढला. १,४९९ च्या पार्सलला दोन हजारांची नोट पुढे आली की ५०१ परत द्यायचे कुठून? नव्या पाचशेच्या नोटा अजून पोचायच्या होत्या, शंभरच्या लोकांनी दाबून ठेवल्या होत्या. एटीएममधून दिवसाला आधी २,०००, मग २,५००. काउंटरवर बदलून मिळायचे ४,०००, ते ४,५०० झाले, मग १८ तारखेपासून २,०००, आणि २४ च्या मध्यरात्रीनंतर तेही बंद. रांगेत उभं राहून मिळालेले दोन हजार कुणी चादरींवर घालवील? किराणा आधी. आणि डब्यात साठवलेल्या नोटा आता बँकेत भरायच्या, म्हणजे त्या आहेत हे घरात सगळ्यांना कळणार. आमची गिऱ्हाईक बाई तिथे कायमची बिथरली असं माझं मत आहे. याला आकडा नाही, पण दुपारच्या स्लॉटचे फोन रोज ऐकणाऱ्या कुणालाही विचारा.

कुरिअरवाला दारात साधारण तीनदा जातो, आठवडाभर माल धरून ठेवतो, मग परत पाठवतो. म्हणजे खरा मार नोव्हेंबरच्या शेवटी आणि डिसेंबरात बसला, जेव्हा ट्रकच्या ट्रक उलटे येऊ लागले. परतीचा माल नव्या मालासारखा उतरवून घेता येत नाही. प्रत्येक खोकं उघडायचं, आतली वस्तू जुळवायची, चांगलं-वाईट वेगळं करायचं, पुन्हा सील करून स्टॉकमध्ये चढवायचं. दहा माणसांचं हे काम एकाएकी चाळीस माणसांचं होतं. तोवर सिस्टिममध्ये तो माल "रस्त्यात" दिसतो, म्हणजे विकताही येत नाही. पुरवठादार मात्र दारात उभा, कारण त्याच्या दृष्टीने माल गेला.

वरचंच गणित आता करा. ऐंशी पार्सलांपैकी तीसच स्वीकारली गेली. पुरवठादाराचे देऊन उरले २२,५००. जाण्याचं कुरिअर तेच ८,०००, परतीचं ५,०००, रोखीचे १,२००, पॅकिंग आणि कॉल सेंटर मिळून ४,६००. राहिले ३,७००. पन्नास परतींपैकी सतरा खराब, १२,७५० गेले. म्हणजे ९,०५० खड्ड्यात, आणि अजून स्टुडिओचा दिवाही लागलेला नाही. जितकी जास्त विक्री तितका मोठा खड्डा. कार्यक्रम थांबवावा तर केबलचे पैसे सुरूच.

"मोबाइलवरून पैसे घ्यायचे होते," हे आज सांगायला सोपं आहे. यूपीआयची अॅप्स तेव्हा काही महिन्यांची होती, सरकारचं भीम अॅप आलं ३० डिसेंबरला. कार्ड मशीन सगळ्या पोऱ्यांकडे नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांना तालुक्यात रेंज नव्हती.

२०१७ मध्ये हा प्रश्न आला असता तर मी "नोटाबंदी" एवढंच म्हणून विषय मिटवला असता. आज ते पुरेसं वाटत नाही, आणि सोडवतही नाही. होमशॉप१८ ने २०१४ मध्येच अमेरिकेत शेअर विकून ७.५ कोटी डॉलर उभे करायला अर्ज केला होता, ते लिस्टिंग झालंच नाही. स्टारने सीजेबरोबरच्या कंपनीतला आपला हिस्सा त्याच वर्षी विकला. म्हणजे जाणत्यांना आधीच वास आला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दुपारी रिमोट घेऊन बसणारी बाई हातातल्या पडद्याकडे वळली. फ्लिपकार्टने कॅश ऑन डिलिव्हरी २०१० पासूनच सुरू केली होती. तिथे तीच चादर, खाली शंभर लोकांचे अभिप्राय, आणि मागे तोटा सोसणारे गुंतवणूकदार. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे केबल-डीटीएचचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी दररचना लागू झाली, १३० रुपये अधिक करात शंभर वाहिन्या, आपापल्या निवडून घ्यायच्या. दुकानाचं चॅनल आपण होऊन कोण निवडणार? नोटाबंदी नसती तरी हे सगळं झालंच असतं. फक्त सावकाश झालं असतं, आणि सावकाश झालं असतं तर त्या मधल्या काळात काही मार्ग निघाला असता की नाही, यावर माझं मन अजून दर महिन्याला बदलतं.

"अमेरिकेत क्यूव्हीसी हे टीव्हीवरचं दुकान १९८६ पासून चालतंय की," असंही ऐकवतात. तिथे माल गोदामातून हलायच्या आधी कार्डातून पैसे कापलेले असतात. परत येणारा माल त्यांनाही असतो, पण तो विकत घेतलेला माल परत येतो. आमचा न विकलेला माल गावभर फिरून परत यायचा, आणि प्रवासाचं भाडं आम्ही भरायचो.

आता इचलकरंजी-सोलापूरकडचे विक्रेते फोनवर लाइव्ह येऊन साड्या विकतात. फेरा तोच, अडचण-डेमो-किंमत, क्लिपाही त्याच. फक्त त्यांचं वाक्य वेगळं असतं: "ताई, स्क्रीनशॉट काढा, पेमेंट करा, मगच बुकिंग." हे वाक्य आम्ही २०१२ मध्ये बोललो असतो तर एकही ऑर्डर आली नसती. यूपीआय आधी असतं तर आम्ही वाचलो असतो, असं कुणी म्हटलं की मला पटतं. मग आठवतं की त्या विक्रेत्याला केबलवाल्याचे पैसेही द्यावे लागत नाहीत.