ऐंशी इन्व्हर्टरांचा एक इन्व्हर्टर करताना

राजस्थानातल्या एका 250 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं ग्रिड-अभ्यासासाठीचं (वीजजाळ्यावर प्रकल्पाचा काय परिणाम होतो ते तपासण्यासाठीचं) संगणकावरचं मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलं. पसारा मोठा: ऐंशीच्या वर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रं), त्यांचे ट्रान्सफॉर्मर, जमिनीखालून फिरणाऱ्या 33 केव्हीच्या केबली आणि शेवटी 220 केव्हीला चढवणारा मुख्य ट्रान्सफॉर्मर. ग्रिडच्या अभ्यासात असे शेकडो प्रकल्प एकत्र येतात, तिथे एवढा तपशील कोण घेणार? तिथे लागतो एकच इन्व्हर्टर, एकच ट्रान्सफॉर्मर, एकच केबल.

ट्रान्सफॉर्मरचं सोपं होतं. टक्केवारीतला इंपिडन्स (करंटला होणारा एकूण अडथळा) तोच ठेवायचा, एमव्हीए (क्षमता) ट्रान्सफॉर्मर जितके तेवढ्या पटीत वाढवायचे. खरं काम केबलींचं. फीडरच्या (बऱ्याच इन्व्हर्टरांची वीज सबस्टेशनकडे नेणाऱ्या केबल-ओळीच्या) टोकाला एकाच ट्रान्सफॉर्मरचा करंट असतो, सबस्टेशनकडे यावं तसा तो वाढत जातो, त्यामुळे साधी सरासरी चालत नाही. प्रत्येक तुकड्याचा इंपिडन्स, गुणिले त्यातून वीज पाठवणाऱ्या इन्व्हर्टरांच्या संख्येचा वर्ग. सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण संख्येचा वर्ग. असं केलं की एकट्या केबलीतला लॉस सगळ्या जाळ्याच्या लॉसइतका येतो. केबलींचा कॅपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मात्र नुसता बेरजेने घ्यायचा. तो सोडला तर रात्री प्रकल्प ग्रिडला किती रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी) देतो, हेच मॉडेलमध्ये दिसत नाही.

मग मी तपशीलवार आणि छोटं, दोन्ही मॉडेलं पूर्ण लोडवर शेजारी ठेवून पाहिली. सबस्टेशनवरचे आकडे जुळले, पण लांबच्या फीडरच्या टोकाचं व्होल्टेज जवळच्यापेक्षा चढं होतं आणि एका इन्व्हर्टरच्या मॉडेलला ते कळायला वाव नव्हता. म्हणून जवळचे फीडर एका गटात, लांबचे दुसऱ्या गटात, असे दोन इन्व्हर्टर ठेवले. मॉडेल किंचित मोठं झालं, पण माझ्या मते इथे हात आखडता घेऊ नये.

कंट्रोलच्या बाबतीत तर मी काहीच गाळायला तयार नव्हते. कॅलिफोर्नियात 16 ऑगस्ट 2016 ला वणव्यामुळे 500 केव्हीच्या लाइनवर फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) झाला आणि जवळजवळ 1200 मेगावॉट सौर वीज गेली. पॅनेल, केबली सगळं धडधाकट होतं. काही इन्व्हर्टरांनी फ्रिक्वेन्सी चुकीची मोजली, काहींनी व्होल्टेज पडताच करंट देणं थांबवलं. म्हणून व्होल्टेज कितीवर आल्यावर करंट थांबतो, परत किती वेगाने चढतो, प्लांट कंट्रोलरला (सगळ्या इन्व्हर्टरांना आदेश देणाऱ्या यंत्रणेला) किती उशीर लागतो, हे सगळं मी उत्पादकाकडून चाचणीच्या नोंदींसकट मागून घेतलं. आपल्याकडे व्होल्टेज 15 टक्क्यांवर आलं तरी प्रकल्पाला ग्रिडला जोडलेलं राहून 300 मिलिसेकंद तग धरावा लागतो. ती चाचणी दोन्ही मॉडेलांवर चालवली आणि आलेख एकावर एक ठेवले.

अहवालात शेवटी एक पान वेगळं जोडलं: ग्रिड अगदी कमकुवत असेल किंवा इन्व्हर्टरच्या आतल्या वेगवान कंट्रोलचा प्रश्न असेल, तर हे मॉडेल वापरू नका, पीएसकॅड या सॉफ्टवेअरमधलं तपशीलवार मॉडेल घ्या. तपासणाऱ्यांचे पहिले प्रश्न त्याच पानावर आले.