जुनी गाडी: दुरुस्त करायची की बदलायची?

क्लच, शॉकअब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश हे झिजणारच. तेवढ्यासाठी गाडी काढून टाकू नका. आधी ती लिफ्टवर घेऊन सस्पेन्शन जिथे बसतं तिथली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तपासा. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत गेला, म्हणजे तो गंजून कुजलाय, तर पुढचा खर्च थांबवा.

चॅसी शाबूत असेल तर इंजिन गरम करून, सगळे स्पार्क प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. एखाद्या सिलिंडरचा दाब बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. पूर्ण इंजिन उघडावं लागेल, आणि तिथेच बदलण्याचा विचार रास्त ठरतो. नाही वाढला, तर दोष बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालचं पॅकिंग). हेड उतरवून होणारं हे काम जरूर करा.