२१४७४८३६४७ मूळ संख्या आहे, हे सिद्ध करताना : माझा अनुभव

२१४७४८३६४७ म्हणजे २^३१ − १. ही संख्या मूळ आहे हे संगणक क्षणात सांगतो, पण मला दुसऱ्याला वहीत पडताळता येईल असा पुरावा हवा होता. पुढे या संख्येला मी 'न' म्हणतो.

आधी भागाकार करून पाहिला. न चं वर्गमूळ ४६३४० च्या जरासं पुढे, म्हणजे साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागायचं. गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हे काम फार हलकं केलं. न चा मूळ भाजक ६२क + १ (क म्हणजे पूर्ण संख्या) अशाच रूपाचा असतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी जुळवल्या की २४८क + १ आणि २४८क + ६३ एवढेच उमेदवार राहतात. ६३ सोडला तर जास्तीत जास्त ३७२ भागाकार. त्यातही २४९ ला ३ ने भाग जातो, तो वगळायचा. खरी सुरुवात ३११ पासून, बाकी ३५.

मला दुसरी वाट जास्त आवडली, कारण इथे न − १ चे अवयव सहज पडतात : २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. आता असा पाया 'अ' शोधायचा की अ^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ येईल, पण यातल्या प्रत्येक मूळ अवयवासाठी (त्याला 'द' म्हणू) अ^((न−१)/द) ची बाकी १ येता कामा नये. असा एक पाया मिळाला की न मूळच.

पाया म्हणून २ घेऊ नका. २^३१ ची बाकी मुळातच १, आणि ३१ हा न − १ चा अवयव. त्यामुळे फर्माची चाचणी (अ^(न−१) ची बाकी १ येते का, एवढंच पाहणारी) इथे आपोआप पास होते. २०४७ = २३ × ८९ ही मूळ नसलेली संख्यासुद्धा अशीच पास होते. ३ आणि ५ आणखी फसवे : द = २ ला दोन्ही टिकतात, बाकी न − १ येते, पण पुढे एखाद्या विषम अवयवाला १ देऊन बसतात. म्हणून सातही अवयव तपासायचेच. सगळीकडे टिकणारा सर्वांत लहान पाया ७.

प्रत्येक घाताला साधारण तीस वेळा वर्ग करावा लागतो. गुणाकार ६२ बिटांपर्यंत (बिट म्हणजे द्विमान पद्धतीतला एक अंक) जातो, त्यामुळे कोडमध्ये पूर्णांक ठेवायचा ३२ बिटांचा इंट चालत नाही. स्प्रेडशीट तर पंधरा अंकांनंतर गुपचूप शून्यं भरते. बाकी काढायला मात्र भागाकार नको : खालचे ३१ बिट आणि वरचे उरलेले बिट यांची बेरीज करायची, ती न एवढी किंवा जास्त आली तर एकदा न वजा करायचा. नेमकी न आली तर उत्तर शून्य. ही अट कोडमध्ये हमखास राहून जाते.

कोड बरोबर आहे का, हे पाहायला तयार आकडा आहे. ७^५ = १६८०७. १ पासून सुरू करून दर वेळी १६८०७ ने गुणा, न ने भागून बाकी घ्या. दहा हजाराव्या पायरीला १०४३६१८०६५ यायला हवं.