चित्रं नकोत, आकडे हवेत: रडारच्या डेटाचा माझा अनुभव

वादळांवर पीएचडी करायची म्हटलं की लोक गणिताची भीती घालतात. गणित जमून जातं हो. अडतं ते रडारचा डेटा मागायच्या एका पानाच्या अर्जावर. माझा अर्ज तीनदा परत आला, चौथ्यांदा मंजूर झाला आणि हातात पडली ती रंगीत चित्रं! म्हणून प्रवेशाचं आधी उरकते, बाकी सगळं त्या अर्जाबद्दल.

गाईडला मेल करण्याआधी त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाचा. ‘मला लहानपणापासून वादळांची आवड आहे’ हे वाक्य सगळेच लिहितात, तुम्ही गाळा. त्याऐवजी कुठल्या प्रश्नावर आणि कुठल्या डेटावर काम करायचंय ते चार ओळींत लिहा. सध्याच्या प्रकल्पाचे पैसे किती वर्षं पुरणार आहेत, हेही न लाजता विचारा. गडगडाटी वादळं की चक्रीवादळं, हेसुद्धा तेव्हाच ठरवलेलं बरं. दोन्ही ‘वादळं’ असली तरी स्वभाव उलटे. उंचीनुसार वारा झपाट्याने बदलत असेल, म्हणजे शिअर जोरदार असेल, तर सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारं जोरदार गडगडाटी वादळ, तासन् तास टिकतो. तोच शिअर चक्रीवादळाचा गाभा तिरका करून त्याला मोडतो. मी पहिला रस्ता धरला, त्यामुळे रडारशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता अर्ज. पहिल्यांदा परत आला कारण वेळा स्थानिक होत्या. रडारच्या फाइलींची नावं यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असतात. मध्यरात्रीनंतर, पहाटे साडेपाचच्या आधी आलेलं वादळ यूटीसीत आदल्याच तारखेला जातं आणि फाइली मागायच्या राहतात. दुसऱ्यांदा, मी अख्खा हंगाम मागितला होता म्हणून. तिसऱ्यांदा हमीपत्रावर गाईडची सही होती, विभागाचा शिक्का नव्हता. ही तिन्ही कारणं एकाच वेळी सांगता आली असती, पण तसं केलं तर डेटा देणारं कार्यालय कसलं! प्रत्येक फेरीला दोन-तीन आठवडे.

चौथ्या खेपेला मी ‘रडार डेटा’ एवढंच लिहिलं होतं, आणि ती चूक माझी. तिकडे ‘डेटा’ म्हणजे तयार चित्रं. चित्रांनी काम का होत नाही ते सांगते. समजा रडारची तरंगलांबी 10 सेंटिमीटर आहे आणि ते सेकंदाला लहरींचे 1000 स्पंद (पल्स) सोडतं. तरंगलांबी गुणिले स्पंद भागिले 4, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. हा नायक्विस्ट वेग. रडारकडे येणारा किंवा लांब जाणारा वारा एवढ्यापर्यंतच सरळ मोजला जातो. वारा 30 ने लांब जात असेल तर नोंद होते उणे 20, म्हणजे तो रडारकडेच येतोय असं दिसतं. स्पंद वाढवले की ही मर्यादा वाढते, पण पल्ला घटतो. 1000 स्पंदांना तो 150 किलोमीटरच असतो. हातात आकडे आणि नायक्विस्ट वेग असला की उणे 20 मध्ये 50 मिळवून 30 परत काढता येतात. चित्रात एकेक रंग म्हणजे वेगांचा अख्खा पट्टा. त्यातून मिळवायचं काय आणि वजा करायचं काय?

तेव्हापासून अर्जात मी हे सगळं लिहिते: रडारचं नाव, यूटीसीत तारीख आणि सुरुवात-शेवट, वादळाच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन तास धरून, सगळे उन्नतांश कोन (रडार क्षितिजापासून किती वर बघतं ते), फक्त सर्वांत खालचा नाही, रिफ्लेक्टिव्हिटी (परत आलेल्या लहरींचा जोर), त्रिज्य वेग (रडारकडे किंवा रडारपासून लांब) आणि स्पेक्ट्रम विड्थ (त्या वेगातला विस्कळीतपणा), आणि ठळक अक्षरात ‘मूळ आकडे, चित्रं नकोत’. नायक्विस्ट वेग फाइलीच्या हेडरमध्ये आहे का, हेही तिथेच विचारायचं.

याच्याही आधी फोन करून एक विचारा: त्या दिवशी रडार चालू होतं का? वीज गेली, देखभाल निघाली, की डेटाच नाही. प्रपोजलमध्ये वादळ आधी ठरवून मग डेटा शोधणं हा उलटा कारभार आहे. वादळ रडारपासून किती लांब होतं तेही मोजा. अर्ध्या अंशाच्या कोनात 100 किलोमीटरवर किरणाचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, आणि किरण एक अंशाचा असेल तर त्याची रुंदी पावणेदोन किलोमीटर. जमिनीलगतचं फिरणं तिथून दिसणारच नाही.

वाट बघण्याचे महिने वाया घालवू नका. अमेरिकेच्या नेक्सरॅड रडारजाळ्याचा मूळ डेटा विनाअर्ज, फुकट उतरवता येतो. रडारचा डेटा हाताळायचं पायथॉनमधलं पॅकेज, पाय-आर्ट, त्यावरच शिकून घ्या, वेग उलगडायची, म्हणजे उणे 20 चे पुन्हा 30 करायची सोय त्यात आहे.

चक्रीवादळांकडे वळलेल्यांसाठी, मघाशी राहिलं ते: आयबीट्रॅक्स या जगभरच्या चक्रीवादळांच्या नोंदसंग्रहात वेगवेगळ्या संस्थांनी दिलेले वाऱ्याचे वेग शेजारी-शेजारी दिसतात, पण अमेरिकेची सरासरी 1 मिनिटाची, भारताची 3 आणि जपानची 10 मिनिटांची. थेट तुलना करू नका. ईआरए5, म्हणजे निरीक्षणं आणि मॉडेल जोडून पुन्हा उभं केलेलं मागचं हवामान, त्याची जाळी सुमारे 31 किलोमीटरची आहे, त्यात चक्रीवादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत बोथट होते आणि वारे कमी दिसतात. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवणाऱ्यांनी टाइमस्टेप (मॉडेल एका वेळी किती सेकंद पुढे जातं ते) जाळीच्या किलोमीटरच्या सहापट सेकंदांपासून सुरू करावी. 3 किलोमीटरला 18. सीएफएलची, म्हणजे टाइमस्टेप जाळीच्या मानाने फार मोठी असल्याची तक्रार करत मॉडेल कोसळलं तर 12 वर या.

आणि फाइली मिळाल्या की उघडायच्या आधी मोजा. दर 10 मिनिटांना एक स्कॅन असेल तर दिवसाच्या 144 हव्यात. माझ्या 133 भरल्या. नसलेल्या 11 सलग होत्या, वादळ रडारच्या अगदी जवळ होतं त्या वेळच्या. पाचवा अर्ज त्यांच्यासाठी गेलाय, या वेळी शिक्क्यासकट.